नेफ्यातला चोरखिसा

चोरखिसा म्हणजे काय, असं पुण्याच्या मृण्मयीनं विचारलं तेव्हा मला हसूच आलं. मुलगी दोन वर्षं म्हैसुरात नोकरीला आहे आणि आमचं मराठी ऐकून तिला रोज नवी मजा वाटते. कुर्त्याला फोनपुरता आतून खिसा हवा म्हणाली. मी म्हटलं, चोरखिसा घालून देते. तर लगेच फोन काढून शब्द टिपायला लागली. "मावशी, तुमच्याकडे हा शब्द कुठे कुठे वापरतात?"

शिंपिणीला असं कुणी विचारत नाही. मी सांगितलं ते असं: बाहेरून ज्याची शिवण दिसत नाही तो चोरखिसा. पुरुषांच्या बंडीला डाव्या काखेखाली घालतात, बायकांच्या ब्लाउजला पुढच्या पट्टीच्या आत. कन्नड गिऱ्हाइकं कळ्ळजेबु म्हणतात, आणि कळ्ळ म्हणजेही चोरच. खिसा घालायचा चोरापासून लपवायला आणि नाव द्यायचं चोराचं, दोन्ही भाषांना हीच अक्कल सुचली. आमच्या दुकानात त्याचा आणखी एक वापर आहे. एखादी गोष्ट पुन्हा काढायची नाही असं सांगायचं असलं की आमचे हे म्हणतात, "ते चोरखिशात घाल." कुणाची सून निघून गेली, चोरखिशात घाल. लग्नाआधी माप घेताना नवरीचं पोट मापापेक्षा जास्त भरलं, चोरखिशात घाल. आमचे हे म्हणजे रंगराव. कापड ते कापतात, शिवते मी. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर पुष्कळ, आणि त्यातली चार तरी हीच असतात.

मृण्मयीनं सगळं लिहून घेतलं आणि "भारी आहे" म्हणून कुर्ता घेऊन गेली. एक वापर मात्र मी तिला सांगितला नाही. तो सांगायचा नसतो, असं मला सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बजावलं होतं आणि मी अडतीस वर्षं ते पाळलं. आता सांगते आहे, कारण त्या नियमाचा मला राग आला आहे.

आमच्या लोकांत अशी रीत की नवरीचा लग्नातल्या साडीखालचा परकर विकत आणायचा नाही, शिवून घ्यायचा. त्याच्या नेफ्यात डाव्या बाजूला दोन बोटं रुंदीचा चोरखिसा घालायचा. परकर शिवायला टाकताना नवरीची आई शिंपिणीच्या तळहातावर एक किल्ली ठेवते. माहेरच्या दाराची, जास्तीची. ती काही बोलत नाही, आपणही नाही. किल्ली खिशात जाते आणि खिशाचं तोंड पिवळ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यानं बंद होतं. कच्चा टाका म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारा. नवरीलाही कुणी सांगत नाही, नाडी बांधताना तिच्या बोटांना लागते तेवढंच. घरच्या पुरुषांना यातलं काही ठाऊक नसतं; आमचे हे दुकानात समोरच बसतात म्हणून त्यांना तेवढं माहीत. पुढं कधी तो परकर दुरुस्तीला आला तरी शिंपिणीनं खिसा उघडायचा नाही आणि टाका सुटलेला दिसला तरी तोंड उघडायचं नाही.

दिसतं मात्र सगळं. बहुतेकींचा टाका कापड विरेपर्यंत तसाच राहतो. दोघींचा सुटलेला मी पाहिला आहे. त्यातली एक पुढं माहेरीच राहिली, हल्ली तिचं पापडाचं चांगलं चालतं. समोरासमोर भेटतो तेव्हा आम्ही पापडांविषयी बोलतो.

गिरिजाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. पुनीत आणि भव्या या दोन मुलांना त्यांनी एकटीनं वाढवलं. भव्या दहावीच्या सुटीत माझ्याकडे टाके शिकायला यायची. हात चांगला होता, फक्त दोरा दातानं तोडायची सवय काही केल्या जाईना. मागच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. सासर एच. डी. कोट्याला, नवऱ्याचं लोखंड-सिमेंटचं दुकान, वर घर. सगळे म्हणाले, खातंपितं घर मिळालं. किल्ली द्यायला गिरिजाबाई आल्या तेव्हा त्यांचा हात गार होता. मी मूठ मिटली आणि त्या भाजी घ्यायला निघून गेल्या.

डिसेंबरात गिरिजाबाई एक पिशवी घेऊन आल्या. आत भव्याचा लग्नातला ब्लाउज आणि परकर होता.

"पुनीतचा साखरपुडा पुढच्या ऐतवारी," त्या म्हणाल्या. "भव्या तीच साडी नेसणार म्हणते. आमंत्रणाला गेले होते तेव्हा हे आणलं. ब्लाउज आवळायचा आहे. परकराचा नेफा उसवलाय, नवा लाव."

"किती आवळू?"

"स्वल्प बारीक झालीय ती. चार इंच."

सात महिन्यांत चार इंच. मी वहीत आकडा लिहिला आणि काही बोलले नाही. चार इंच आवळायचे तर ब्लाउज जवळजवळ नवा शिवावा लागतो, पण हेही बोलले नाही.

दुपारी नेफा उसवायला घेतला. खिसा जागेवर होता, पण तोंडावर माझा पिवळा टाका नव्हता. निळ्या दोऱ्याची उलटी टीप होती, बारीक, सरळ, शेवटी तीन गाठी. भव्याचाच हात. दोऱ्याच्या टोकाला दाताची खूण होती. कच्चा टाका ओढून काढायचा आणि मग स्वतःच्या हातानं पक्की टीप घालून खिसा बंद करायचा, असं मी आजवर पाहिलं नव्हतं. नेफा काढायचा म्हणजे खिसाही काढावाच लागणार, त्याला माझा इलाज नव्हता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. किल्ली मांडीवर पडली. तिचं टोक वाकलेलं होतं.

मी ती कापायच्या टेबलावर यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली.

"चोरखिशात घाल," ते म्हणाले.

"तिथूनच तर निघालीय."

"मग परत तिथंच घाल. सुम्ने, गप्प रहा. आज तू बोललीस तर उद्या कुठली आई आपल्या हातात किल्ली देईल?"

हे त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणून मी दोन दिवस गप्प राहिले. पण ती वाकलेली किल्ली मी सुयांच्या डब्यात ठेवली होती आणि दर वेळी सुई काढताना ती हाताला लागायची. किल्ली अशी कधी वाकते? न लागणाऱ्या कुलपात जोर केला तरच.

तिसऱ्या दिवशी पुनीत शेरवानीची ट्रायल घ्यायला आला. त्याच्या खांद्यावर टाचण्या लावता लावता मी विचारलं, "तुमच्या दाराला नवीन कुलूप दिसतंय रे."

"हौदु मावशी. दसऱ्याच्या आधी बदललं. अम्मा म्हणाली जुनं अडकतं. मला कधी अडकलं नाही, पण अम्मानं धोसराच लावला."

"मग भव्याला नवी किल्ली दिली की नाही?"

"भव्याला कशाला?" तो हसला. "ती काय कुलूप उघडून येते का? येते तेव्हा नवऱ्याबरोबर येते, आम्ही असतोच की."

मला सगळं उलगडलं, असं मला त्या क्षणी वाटलं. पोरगी कधीतरी एकटी आली असणार. घरी कुणी नव्हतं, कुलूप नवं, किल्ली लागली नाही, जोर केला, वाकली. तशीच परत गेली आणि खिसा शिवून टाकला. आणि हे झालं कशामुळं, तर आमच्या रीतीमुळं. किल्ली दिली हेच जिथं बोलायचं नाही, तिथं ती निकामी झाली हे कोण कुणाला सांगणार? भव्याकडे किल्ली होती हेच पुनीतला ठाऊक नाही. गिरिजाबाई विसरल्या असतील, किंवा आठवूनही जिभेवर आणता आलं नसेल. असली चूक आमच्यातच व्हायची. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही किल्ल्या शिवल्या आणि कुलूप बदललं तर काय करायचं, हे एकीलाही सुचलं नाही.

शेरवानी घरी पोचवायची झाली आणि तुम्ही कुणी नसलात तर, असं काहीतरी सांगून मी पुनीतकडून नव्या कुलपाची एक किल्ली मागून घेतली. त्यानं जुडग्यातून काढून दिली. मनात आलं, ही खिशात घालते, वर पिवळा टाका मारते आणि परकर पाठवून देते, म्हणजे नियमही राहील. पण जिनं तीन गाठी मारून खिसा बंद केला, ती तो पुन्हा चाचपून कशाला बघेल? तोंडानंच सांगायला हवं होतं. तिचा फोन सासू उचलते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी यांना म्हटलं, "अंगावर माप घेतल्याशिवाय ब्लाउज होणार नाही, कोट्याला जाऊन येते." ते कात्री चालवत राहिले. नको म्हणाले नाहीत, एवढं मी धरून चालले.

बुधवारी सकाळच्या बसनं निघाले. आधार कार्ड दाखवलं, इथं बायकांना मिळतं ते बिनपैशाचं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसले. मनात हलकं वाटत होतं. सांगायला वाईट वाटतं, पण थोडा अभिमानही वाटत होता. एवढी साधी गोष्ट, कुणाच्या लक्षात आली नाही आणि माझ्या आली.

भव्याच्या सासूनं चांगलं स्वागत केलं. कॉफी दिली, बसायला पंख्याखालची खुर्ची दिली. "मापासाठी एवढ्या लांब आलात?" असं दोनदा विचारलं.

"साखरपुड्यात चारचौघांत सैल ब्लाउज बरा दिसतो का?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक नावं ठेवतं ते शिंप्याला."

ते तिला पटलं. मी भव्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून कडी घातली. टेप तिच्या छातीभोवती फिरवली. चार नव्हे, पाच इंच. दंडाचं माप घ्यायला बाही वर केली तर तिनं हात आखडून घेतला. मी दिसलं ते पाहिलं. चार बोटांचे वळ होते, जुन्यांवर ताजे. बोटं कशी उमटतात हे शिंपिणीला शिकवावं लागत नाही, आम्ही दिवसभर अंगच मोजतो.

मी नवी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि हळू आवाजात, पण सरळ सांगितलं. "तुमच्या घराचं कुलूप दसऱ्याच्या आधी बदललं. तुला कुणी कळवलं नाही. चूक झाली. ही नवी किल्ली."

भव्या किल्लीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिला माझी दया आली असावी, असं मला वाटलं.

"ठाऊक आहे मावशी. पहिल्यांदा आले होते तेव्हा जुनंच होतं. किल्ली बरोबर लागली."

"पहिल्यांदा?"

"गौरी-गणपती झाल्यावर. अम्मा आत होती, कोथिंबीर निवडत होती. मला जेवायला वाढलं. पाठीला हळद लावून दिली. आणि साडेतीनच्या बसमध्ये बसवून दिलं. म्हणाली, पुनीतचं ठरत आलंय, तेवढं होऊ दे. मुलीकडच्यांना कळलं, तुझं असं आहे म्हणून, तर ते मोडतील. वर्षभर सोस." ती थांबली. बाहेर सासूच्या बांगड्या वाजल्या, तशी मी टेप फडकावून मोठ्यानं म्हटलं, "हात वर कर." तिनं हात वर केला आणि तसाच ठेवून पुढं बोलली. "दसऱ्याच्या आधी परत आले. तर किल्ली लागेना. मला वाटलं, घाईत उलटी घातली, म्हणून जोर केला. आतून पावलं ऐकू आली. दारापर्यंत आली ती, मावशी. तिच्या चपलेचा आवाज मला ओळखू येतो. दाराच्या त्या बाजूला उभी राहिली, मी या बाजूला. उघडलं नाही."

मी पलंगाच्या कडेवर बसले. गिरिजाबाईंचा मला इतका राग आला की त्या समोर असत्या तर मी पिशवीतली कात्री फेकली असती. मग स्वतःची लाज वाटली. बसमध्ये मी किती खुशीत होते. सात महिन्यांत चार इंच, हे गिरिजाबाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. त्यांनी दार उघडलं नाही, पण मीही अडतीस वर्षं तेच करत होते, फक्त माझ्या हातात सुई होती म्हणून त्याला रीत म्हणायचं.

"ही ठेव तरी," मी म्हटलं.

"याचं काय करू? दार उघडेल. ती ठेवून घेईल का?" भव्यानं किल्ली परत माझ्या हातात दिली. "माप झालं का? जास्त वेळ आत बसलं की ह्यांच्या आई विचारतात."

मी कडी काढून बाहेर आले. सासू दाराच्या अगदी जवळ उभी होती. "इथं जमायचं नाही," मी म्हटलं. "कापड फार आत घ्यावं लागतंय. अंगावर चढवून, मशीनवर मारून, परत चढवून बघायला लागेल. हिला दुकानात न्यायला हवी."

"आजच?"

"ऐतवारी साखरपुडा. मग कधी?"

"मग संध्याकाळी कोण आणून सोडेल? थांबा, त्याला विचारते."

"विचारा की. तोवर ही चप्पल घालते."

भव्या माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातात ब्लाउजची पिशवी दिली, कारण हातात काही असलं की माणूस चालायला लागतं. ती चालायला लागली. जिना उतरून आम्ही दुकानातून गेलो, दुसरी वाटच नव्हती. तिचा नवरा गल्ल्यावर होता. समोर दोन शेतकरी पत्र्यांचा भाव करत होते आणि एक गवंडी उभा होता.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"मापाला," मी म्हटलं.

तो उठला. मग गवंड्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसला. "लवकर ये," तो म्हणाला आणि हसला. लोकांपुढं तो हसतो, हे मी ध्यानात ठेवलं. वरून सासू त्याला हाक मारत होती. आम्ही मागं न बघता स्टँड गाठला आणि उभी होती ती बस धरली.

भव्याजवळ आधार कार्ड नव्हतं. अंगावरची साडी आणि माझी पिशवी, एवढंच होतं. कंडक्टरनं तिचं पैशाचं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. तिनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"अम्माकडे नेणार?"

"नाही."

"मग?"

"आमच्याकडे. दुकानाच्या वर खोली आहे. मशीन आहे. टाके विसरली नाहीस, ते मी पाहिलंय."

मी यांना फोन लावला. "भव्याला घेऊन येतेय. राहायला येतेय ती. वळ आहेत अंगावर."

मला वाटलं, आता ते नेहमीचंच म्हणतील, चोरखिशात घाल. पण ते हळू आवाजात म्हणाले, "गिरिजाबाई इथंच बसल्यात. ब्लाउज झाला का विचारायला आल्यात. त्यांना काय सांगू?"

"आहे ते सांगा."

"साखरपुड्याचं काय होईल?"

"मला ठाऊक नाही. सांगा."

आयुष्यभर कमी बोललेला माणूस. त्यांनी फोन कानापासून दूर नेला, बंद केला नाही, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला. "गिरिजाबाई, भव्या घर सोडून निघालीय. आता आमच्याकडे राहील. तुम्ही दार उघडलं नाहीत म्हणून."

शेवटचं वाक्य मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. दारामागं कोण होतं हे मला आज कळलं, त्यांनी ते किल्ली पाहिली तेव्हाच ओळखलं होतं. फोनमध्ये आमच्या दुकानातला पंखा ऐकू येत होता. मग खुर्ची सरकली आणि गिरिजाबाईंचा आवाज आला, अगदी जवळून.

"ती जेवलीय का? एवढं विचारा तिला."

भव्यानं ते ऐकलं. मी फोन तिच्यापुढं धरला. वाटलं होतं, ती मान हलवेल आणि खिडकीकडे तोंड करेल. तिनं फोन हातात घेतला.

"नाही जेवले," ती म्हणाली, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "परवापासून नाही."

पुढच्या सीटवरची बाई वळून आमच्याकडे बघायला लागली. मी तिला बघू दिलं.